परदेशी पत्रकारांबरोबर शोधबातमी करायची असेल, तर सुरुवात तालुक्यातल्या कागदापासून करा

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बातमीदारी करणाऱ्या तरुणाने विचारलंय, की पनामा पेपर्ससारख्या अनेक देशांच्या मिळून केलेल्या कामात माझ्यासारख्याला शिरकाव मिळेल का? त्यासाठी परदेशी पदवी लागते का, इंग्रजी किती चांगलं हवं, ओळखी कुठून काढायच्या आणि बाहेरून पैसे घेतले तर कायद्याची अडचण येते का?

शिरकाव मिळेल. मात्र पनामा पेपर्सकडे बघून सुरुवात करू नका. ते काम केवढं होतं हे आठवा. एका निनावी माणसाने म्युनिकच्या ज्यूडडॉइचे त्साइटुंग या दैनिकातल्या बास्टियान ओबरमायर यांच्याशी संपर्क साधला आणि पनामातल्या मोसॅक फोन्सेका या कायदा कंपनीचे १ कोटी १५ लाख दस्तऐवज त्यांच्या हाती आले. दैनिकाने ते आयसीआयजे या वॉशिंग्टनच्या शोधपत्रकारांच्या संस्थेला दिले. जवळजवळ ८० देशांतले साडेतीनशेहून जास्त पत्रकार महिनोन्‌महिने गुपचूप काम करत राहिले आणि एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांनी एकाच वेळी छापलं. भारतातून इंडियन एक्स्प्रेस होतं. असं घबाड हाती लागणं नशिबाचा भाग आहे, त्याची वाट बघण्यात वर्षं जातात. त्यातून शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. एवढा ऐवज हाती असताना जर्मन संपादकांनी तो एकट्याने वापरला नाही. आइसलँडच्या पंतप्रधानांच्या पत्नीची कंपनी कोणती, हे आइसलँडच्याच पत्रकाराला कळणार, पाकिस्तानच्या सत्ताधारी कुटुंबाचे लंडनमधले फ्लॅट कोणाच्या नावावर, हे पाकिस्तानच्याच पत्रकाराला जुळवता येणार, हे त्यांनी ओळखलं. कागद परदेशातून आला तरी त्याचा अर्थ लावणारा माणूस त्या मातीतलाच लागतो. तुमची जागा तिथे आहे.

आता दुसरं उदाहरण, जे मला जास्त उपयोगाचं वाटतं. नेदरलँड्सच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरच्या येट स्खाउटन या पत्रकार महिलेने बाजारात लहान संत्री ज्या जाळीच्या पिशवीत मिळतात, ती जाळी घेतली. बायकांच्या ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत आत बसवतात तसल्या वैद्यकीय जाळीची म्हणून त्या संत्र्याच्या जाळीची कागदपत्रांची फाईल तयार केली आणि युरोपात वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या खासगी संस्थांकडे नेली. संत्र्याची जाळी माणसाच्या शरीरात घालायला त्यांची तत्त्वतः हरकत नव्हती. इथून पुढे ३६ देशांतल्या अडीचशेहून जास्त पत्रकारांचं ‘इम्प्लांट फाइल्स’ हे काम उभं राहिलं, ते नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात भारताचा भाग मोठा होता आणि त्यातला सगळ्यात ठळक विषय खुब्याच्या सदोष कृत्रिम सांध्याचा होता. तो बनवणाऱ्या कंपनीने तो सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल पोलिसांत तक्रार केलेली होती, तीही आंतरराष्ट्रीय काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे महत्त्वाचा एक कागद मुंबईतच पडून होता.

तुमच्या भागात असे कागद भरपूर आहेत. बीडचंच घ्या. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, ही बातमी २०१९ मध्ये राज्यभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. उचल, मुकादम, कोयता, खाडा झाला की कापले जाणारे पैसे, हे सगळं तुमच्या-माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. पण आपल्या बातम्या कुठे थांबल्या ते बघा. मुकादमापाशी, खासगी दवाखान्यापाशी, फार तर कारखान्याच्या गेटपाशी. त्या गेटातून बाहेर पडलेली साखर कोण विकत घेतं, हा प्रश्न मागे राहिला. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट ही ना-नफा वृत्तसंस्था यांनी मिळून तोच धागा पुढे ओढला आणि तो पेप्सिको आणि कोकाकोलाच्या पुरवठा साखळीपर्यंत नेला. मोठ्या कंपन्यांनी पुरवठादारांसाठी नियम जाहीर केलेले असतात, साखरेला ‘जबाबदारीने पिकवलेली’ असं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था असतात, त्यांचे अहवाल संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. त्या अहवालातली वाक्यं आणि फडावरची वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवली, की बातमीचं वजन बदलतं. इथल्या सरकारला मुकादमाची लाज वाटत नाही, पण अटलांटाच्या कोकाकोलासारख्या कंपनीला तिच्या गिऱ्हाइकाची वाटते.

त्या बातमीतलं अर्धं काम मराठवाड्यातल्या पत्रकारांच्या वह्यांत आधीपासून होतं, असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या अर्ध्या कामाची पद्धत मात्र आपल्याला कोणी शिकवलेली नाही. ती शिकता येते, आणि त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही.

पद्धत कशी असते ते नाशिकच्या द्राक्षांवरून सांगतो. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला शेतकरी लिहोसीन म्हणतात. त्याचा अंश मर्यादेबाहेर निघाला, आणि ते रसायन तेव्हा आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. बागायतदार बुडाले. आपल्याकडच्या बातम्या मुख्यतः मंत्र्यांची विधानं आणि निर्यातदारांचे दावे यांवर चालल्या. खरं तर युरोपीय संघाची रॅसएफएफ नावाची सूचना यंत्रणा आहे. कुठल्याही सदस्य देशाला आयात मालात दोष सापडला की तिथे नोंद होते आणि ती नोंद सगळ्यांना बघता येते. त्यात तारीख असते, कोणत्या देशाने कळवलं ते असतं, माल कुठून आला, कोणतं रसायन, किती निघालं, मर्यादा किती होती, माल परत पाठवला की नष्ट केला, आणखी कोणत्या देशांत गेला, एवढं सगळं असतं. कंपनीचं नाव तेवढं नसतं.

ते नाव आणि त्यामागची कहाणी शोधायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. नाशिकच्या टोकाला तुमच्यासारखा बातमीदार हवा. निर्यातीच्या बागांची नोंद अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय यंत्रणेवर प्लॉटनिशी असते, रेसिड्यूचा, म्हणजे फवारणीच्या उरलेल्या अंशाचा अहवाल बागायतदाराच्या घरी फायलीत लावलेला असतो, पॅकहाऊसवर कोणाचा माल कधी गेला हे गावात माहीत असतं. रॉटरडॅमच्या टोकाला एखादा डच पत्रकार हवा. त्याच्याकडे त्यांचा माहितीचा नवा कायदा आहे, तो मे २०२२ पासून लागू झाला. अन्नसुरक्षा यंत्रणेकडे तो अर्ज करू शकतो, आयातदाराच्या दारात उभा राहू शकतो. तुम्हाला डच येत नाही आणि त्याला सातबारा वाचता येत नाही. दोघांनी मिळून केलं तर दोन महिन्यांत होईल, एकट्याने दोन वर्षांतही व्हायचं नाही.

एकच प्रश्न अनेक देशांत एकदम विचारायचा, ही युक्ती युरोपात जुनी आहे. शेतीचं अनुदान नेमकं कोणाला मिळतं, हे डेन्मार्कच्या पत्रकारांनी माहितीच्या कायद्याखाली काढलं. मग त्याच मागणीचे अर्ज इतर देशांत गेले आणि २००५ पासून फार्मसबसिडी नावाने ती माहिती एकत्र मांडली जाऊ लागली. छोट्या शेतकऱ्याच्या नावाने चाललेल्या योजनेत बड्या जमीनदारांचा आणि अन्नप्रक्रिया कंपन्यांचा वाटा किती, हे लोकांसमोर आलं. आपल्याकडे माहिती अधिकाराचा कायदा त्याच वर्षीचा. पण २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने त्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं करून ठेवलं. म्हणून इथे नाकारलेला कागद दुसऱ्या देशात खुला आहे का, हे बघायची सवय आत्ताच लावून घ्या. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाची संचालकांची नावं आणि ताळेबंद फुकट बघता येतात. आयसीआयजेच्या ऑफशोअर लीक्स या विदासाठ्यात नाव टाकून शोधता येतं. ओसीसीआरपी या शोधपत्रकारांच्या संस्थेचा अलेफ नावाचा तसाच विदासाठा आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या बड्या कंत्राटदाराचं नाव यांत टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. फक्त नाव सापडलं म्हणजे गुन्हा झाला असं नव्हे, परदेशात कंपनी असणं बेकायदा नाही, आणि एकाच नावाची दहा माणसं असतात. जन्मतारीख, पत्ता, सही असं दुसरं काही जुळल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

आता ओळखींचं. ओळख कामातून होते. इमेलमध्ये ‘मला तुमच्याबरोबर काम करायची इच्छा आहे’ असं लिहिलेलं कोणी वाचत नाही. दीड पानाचं टिपण करा. काय घडतंय, माझ्याकडे कोणते कागद आहेत, काय सिद्ध झालंय आणि काय नाही, तुमच्या देशातला कोणता तुकडा मला हवाय. शेवटचे दोन मुद्दे सगळ्यात महत्त्वाचे. काय सिद्ध झालेलं नाही हे जो स्वतःहून सांगतो, त्याच्यावर समोरचा संपादक विश्वास टाकतो. माणसं शोधायला जीआयजेएन हे शोधपत्रकारांच्या संस्थांचं जागतिक जाळं आहे. २००१ मध्ये कोपनहेगनला भरलेल्या परिषदेतून त्याची सुरुवात झाली, आता परिषदा दर दोन वर्षांनी भरतात. २०२३ ला गोटेनबर्गला झाली, २०२५ ला क्वालालंपूरला. विकसनशील देशांतल्या पत्रकारांसाठी प्रवासवृत्त्या असतात, अर्ज करा. त्यांचं मार्गदर्शक साहित्य हिंदीत आणि बांगलातही आहे. बर्लिनचं होस्टरायटर तर याच कामासाठी आहे, एका देशातल्या पत्रकाराला दुसऱ्या देशातला सहकारी मिळवून देणं.

सहकारी मिळाला की लगेच कामाला लागू नका, आधी लेखी ठरवा. इथे मी जरा लांबण लावतो, कारण आपल्या पोरांचं नुकसान मी इथेच होताना बघितलंय. परदेशी चमू येतो, तीन दिवस गाडी आणि दुभाषी म्हणून स्थानिक बातमीदार बरोबर घेतो, त्याचे सूत्र, त्याचे कागद, त्याची वर्षानुवर्षांची मेहनत वापरतो आणि बातमीखाली त्याचं नाव नसतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ग्लोबल रिपोर्टिंग सेंटरने सुमारे सत्तर देशांत यावर पाहणी केली. बहुतेक मदतनिसांना श्रेय हवं असतं आणि बहुतेक बाहेरचे पत्रकार ते क्वचित देतात, असंच त्यातून निघालं. म्हणून पहिल्याच बोलण्यात विचारा, मी सहलेखक आहे की मदतनीस? मदतनीस म्हणून जाण्यात कमीपणा नाही, पण मग तुमचे स्वतःचे कागद द्यायचे नाहीत, फक्त दिवसाचा मेहनताना घ्यायचा. कागद तुमचे असतील तर नाव लागलंच पाहिजे, आणि मराठीत तीच बातमी त्याच दिवशी छापायचा हक्क तुमच्याकडे राहिला पाहिजे. हा दुसरा मुद्दा सोडू नका. ज्या बाईची कहाणी न्यूयॉर्कला छापली जाते, ती तिच्या गावातल्या दुकानात वाचायला मिळायला हवी.

बाकी ठरवायचं ते असं: छापायची तारीख आणि वेळ (भारतीय वेळेत लिहा, गोंधळ होत नाही), मूळ कागद कोणाकडे राहतील, सूत्रांची नावं कोणाला कळतील, आरोप ज्यांच्यावर आहेत त्यांना बाजू मांडायला किती दिवस द्यायचे आणि पत्र कोणी पाठवायचं, खटला झाला तर वकिलाचा खर्च कोणाचा, कोणी मध्येच अंग काढून घेतलं तर काय. अमेरिकेतल्या माँटक्लेअर स्टेट विद्यापीठात यावर संशोधन झालंय. त्यात सहकार्याची विभागणी दोन गोष्टींवरून केली आहे. सहकार्य एका कामापुरतं की कायमचं, आणि भागीदार वेगवेगळं काम करून एकत्र मांडतात, मिळून करतात, की संस्था म्हणूनच एकमेकांत मिसळतात. तुम्ही पहिल्यांदा एका कामापुरतं, आणि शक्यतो वेगवेगळं काम करून एकत्र मांडायचं, एवढंच स्वीकारा. आपापली बातमी आपापल्या हातात राहते आणि भांडण कमी होतं.

पैशांबद्दल स्पष्टच सांगतो. परकीय योगदान नियमन कायदा २०१० हा वृत्तपत्राचा बातमीदार, स्तंभलेखक, संपादक, मालक, प्रकाशक अशा सगळ्यांना परकीय देणगी घ्यायला बंदी करतो. ध्वनी आणि चित्रफितींच्या रूपात बातम्या देणाऱ्या संस्थांनाही करतो. त्याच कायद्यात नेहमीच्या व्यवहारातला पगार, मेहनताना, केलेल्या कामाचा मोबदला यांना सूट आहे. म्हणजे परदेशी प्रकाशनाने लेखी काम सोपवलं, तुम्ही काम केलं, बिल दिलं आणि पैसे बँकेत आले, ही एक गोष्ट झाली. शोधकामासाठी आगाऊ अनुदान घेणं ही अगदी वेगळी. अनुदानाची जाहिरात बघून अर्ज भरण्याआधी सीएकडे जा, पत्र दाखवा, त्याचं मत लेखी घ्या. आपलं नाव बातमीमुळे कोणाच्या डोळ्यावर आलं, तर सर्वात आधी खातंच तपासलं जातं.

पदवीचं. कर्ज काढून परदेशी पदवी घेऊ नका, निदान आत्ता नाही. शिष्यवृत्तीवर मिळाली तर जरूर जा. युरोपीय संघाचा इरास्मस मुंडस पत्रकारिता अभ्यासक्रम चांगला आहे. पहिलं वर्ष डेन्मार्कच्या ऑर्हूसला, दुसरं दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात, आणि वर्गात पंचवीस-तीस देशांची पोरं बसतात, तीच पुढे आयुष्यभराचे सहकारी होतात. नोकरी सांभाळून जाणाऱ्यांसाठी ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटची फेलोशिप आहे, दक्षिण आशियाई पत्रकारांसाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातला चेवनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचा काही आठवड्यांचा कार्यक्रम आहे. घरबसल्या शिकायचं तर टेक्सास विद्यापीठाच्या नाइट सेंटरचे ऑनलाइन वर्ग बरेचसे फुकट असतात. युनेस्कोने २००९ मध्ये काढलेली मार्क ली हंटर यांची शोधपत्रकारितेची मार्गदर्शिकाही फुकट उतरवून घेता येते. तिच्यातली घटनाक्रमाची तक्ता-पद्धत तेवढी उचला, पुष्कळ झालं. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत ताळेबंद वाचणं, आयात-निर्यातीची कागदपत्रं, साध्या स्प्रेडशीटवर हजार नोंदी लावणं हे शिकवलं जात नाही. हे तीन जमले तर परदेशी पदवीवाल्यापुढे तुम्ही कमी पडणार नाही.

पत्रकारितेच्या संशोधनाकडेही थोडं लक्ष ठेवा. म्युनिक विद्यापीठाच्या थॉमस हानिट्श यांच्या पुढाकाराने ६७ देशांतल्या २७,५०० हून जास्त पत्रकारांचा अभ्यास झाला, भारत त्यात होता. आपलं काम काय याबद्दल देशोदेशीचे पत्रकार वेगवेगळा विचार करतात, हे त्यातून कळतं. सहकाऱ्याशी मतभेद होतील तेव्हा हे उपयोगी पडतं. नाव न देता बोलणाऱ्या सूत्रावर आपण जितक्या सहज बातमी करतो, तितकी उत्तर युरोपातला संपादक करणार नाही. तो दुसरा कागद मागेल. त्याला अविश्वास समजू नका.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण लिहिणं भाग आहे. राजापूरला ६ फेब्रुवारी २०२३ रोजी शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घालण्यात आली, दुसऱ्या दिवशी ते गेले. महानगरी टाइम्समध्ये ते कोकणातल्या रिफायनरीबद्दल लिहीत होते. त्या प्रकल्पाशी सौदी अरामको आणि अबूधाबीच्या तेल कंपनीचे करार २०१८ मध्ये झाले होते. विषय आंतरराष्ट्रीय होता आणि लिहिणारा माणूस गावात एकटा होता. अमेरिकेत १९७६ मध्ये डॉन बोल्स या पत्रकाराची गाडी बॉम्बने उडवली, तेव्हा देशभरातले पत्रकार ॲरिझोनात जमले आणि त्याचं अर्धवट काम त्यांनी पुरं केलं. २०१७ मध्ये माल्टाच्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गलिझिया यांना तसंच मारलं. लोराँ रिशार या फ्रेंच पत्रकाराने त्याच वर्षी सुरू केलेल्या फॉर्बिडन स्टोरीज या संस्थेने पुढच्या वर्षी १५ देशांतले पत्रकार एकत्र आणून त्यांच्या बातम्या पुढे नेल्या. माणूस मारला तरी बातमी थांबत नाही, हे मारणाऱ्याला आधीच कळलं पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. म्हणून धोक्याचं काम हाती घेतलंत की कागदांची एक प्रत दुसऱ्या शहरातल्या आणि एक दुसऱ्या देशातल्या विश्वासू पत्रकाराकडे ठेवा. बोलणं सिग्नल या ॲपवर करा, निरोप आपोआप पुसले जातील असं ठेवा, सूत्राचं खरं नाव फोनमध्ये साठवू नका. २०२१ च्या पेगासस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात भारतीय पत्रकारांचे फोन नंबरही यादीत निघाले होते.

इंग्रजीबद्दल: अहवाल वाचून कळायला हवा आणि टिपण साध्या, बरोबर वाक्यांत लिहिता यायला हवं. बोलण्यातल्या उच्चारांची काळजी सोडा, या कामात इंग्रजी कोणाचीच मायबोली नसते. पहिलं टिपण मराठीत लिहा, मग इंग्रजीत करा आणि इंग्रजी नीट येणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. तुमच्या भागातला कोणता माल देशाबाहेर जातो, याची यादी करा आणि त्यातला एकच निवडा. साखर, द्राक्ष, कापूस, डाळिंब, काहीही चालेल. टिपण त्यावरच लिहा.